पहिलीचे इंग्रजी आणि प्रशिक्षण: नव्या बाईंस

जत तालुक्यातील वाडीवरच्या शाळेत आपण नुकत्याच रुजू झाला आहात आणि इंग्रजीच्या प्रशिक्षणातून नेमके काय घ्यावे असे विचारता, म्हणून लिहितो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार शिक्षकाने दरवर्षी किमान 50 तासांचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. पण तास भरणे वेगळे (प्रमाणपत्रांची फाईल माझीही जाडजूड आहे) आणि वर्ग बदलणे वेगळे. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारे मार्गदर्शक, ‘स्टँड अप, टच युवर नोज’ अशा सूचना देतील, तेव्हा वहीत उतरवत बसू नका, स्वतः उठून नाकाला हात लावा. कारण मूल बोलण्याआधी ऐकते आणि शरीराने उत्तर देते, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांच्या, सूचना ऐकून हालचालीतून भाषा शिकवण्याच्या पद्धतीमागचे तत्त्व स्वतः केल्याशिवाय उमगत नाही. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी एकच कृती दहा मिनिटे घ्या. माझ्या वर्गात पहिल्या खेपेस बहुतेक मुले शेजाऱ्याकडे पाहून उठली, त्यात गैर काही नव्हते. मात्र मी लगेच मराठीत अर्थ सांगून टाकला आणि पुढे आठवडाभर प्रत्येक सूचनेनंतर मुले त्या मराठीचीच वाट पाहत बसली. सूचना पुन्हा द्यावी, हावभाव करावेत, थांबावे. जे जमले नाही ते केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, निःसंकोच मांडा.