स्वतःच्या होडीची चोरी

बेळगावातल्या शहापूरहून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते असे:

"वकीलसाहेब, मी, माझे मेव्हणे आणि ऑफिसमधले एक मित्र अशा तिघांनी चार वर्षांपूर्वी गोव्यातून जुनी अठरा फुटी फायबरची होडी घेतली. मागे चाळीस हॉर्सपॉवरचे आऊटबोर्ड इंजिन आहे. ती वेंगुर्ल्याकडे एका खाडीत असते. महिन्यातून एखाद्या शनिवारी रात्री आंबोलीमार्गे उतरतो आणि रविवारी पहाटे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो. गेल्या मे अखेरीस ती तिथल्या एका मिस्त्रीच्या आवारात दिली. तळाचे फायबर दोन जागी उकलले होते ते भरणे, इंजिनाची सर्व्हिसिंग आणि पावसाळाभर शाकारून ठेवणे, सगळे मिळून ३८ हजार ठरले. १५ हजार मेव्हण्यांनी फोनवरून पाठवले. वहीच्या पानावर पावती आहे, 'बाकी काम झाल्यावर' असे लिहिलेली. नारळी पौर्णिमेनंतर गेलो तर म्हणाला, इंजिन जाम झाले होते, पिस्टन बदलले, आता ८५ हजार झाले. आम्ही नाही म्हटले. १ सप्टेंबरपासून तो जागाभाडे म्हणून रोज २०० लावतोय, त्याचे १८ हजार झाले. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने आमची होडी पाण्यात पाहिली, आत चार पर्यटक! फोटो आहे. जाब विचारायला फोन केला तर म्हणतो, जास्त बोलाल तर फिशरीजला कळवतो, तुमच्या होडीला लायसन नाही आणि कागद अजून जुन्या मालकाच्या नावावर आहेत. आता आम्ही ठरवलंय, ट्रेलर घेऊन रात्री जायचं आणि होडी बेळगावला आणायची. आपली वस्तू आपण आणली तर गुन्हा कसला? आणखी एक, जादा मासे कधीमधी ओळखीच्या खानावळीला देतो, पेट्रोलचे तेवढेच सुटतात. त्याचा काही त्रास होईल का?"

पहिले उत्तर पहिले. रात्री जाऊ नका. दिवसाही जाऊ नका.

आपलीच वस्तू आपण चोरू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटते, पण कायद्यात ते दीडशे वर्षांहून जुने आहे. १८६० च्या दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली घड्याळाची उदाहरणे दिली होती आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही ती आली आहेत. एकाने घड्याळ दुरुस्तीला दिले. दुरुस्तीचे पैसे देणे आहे, आणि तेवढ्यासाठी कारागिराने घड्याळ कायदेशीरपणे अडवून धरले आहे. मालकाने त्याची ती हमी बुडवण्याच्या हेतूने घड्याळ उचलून नेले, तर ती चोरी. त्याच्याच शेजारचे उदाहरण उलटे आहे: देणे काही नसताना मालकाने दुकानात शिरून आपले घड्याळ उघडपणे हिसकावून नेले, तर चोरी नाही, मात्र अतिक्रमण आणि हमला होऊ शकतो. तुमच्याकडे निदान २३ हजार देणे आहे, हे तुमच्याच पावतीवरून दिसते. म्हणजे तुम्ही पहिल्या घड्याळवाल्याच्या जागी उभे आहात. रात्री ट्रेलर लावलात की आज जो मिस्त्री अडचणीत आहे तो उद्या फिर्यादी होईल, आणि तुम्ही तिघे जामिनासाठी वेंगुर्ल्याच्या कोर्टात.

आता त्याचा हक्क किती, ते पाहू. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० सांगते की सोपवलेल्या वस्तूवर ज्याने मेहनत किंवा कौशल्य खर्च केले, त्याला आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. अट एकच, तसा उलट करार नसावा. त्या कलमाखाली शिंप्याचे उदाहरण आहे: कोट शिवून झाला की लगेच देतो आणि पैशाला तीन महिन्यांची सवलत, असे ठरले असेल तर शिंप्याला कोट अडवता येत नाही. तुमच्या पावतीवर 'बाकी दिवाळीनंतर' असे असते तर मी आज वेगळे उत्तर दिले असते. पण 'काम झाल्यावर' म्हणजे त्याचा धारणाधिकार, म्हणजे मजुरीसाठी वस्तू अडवून ठेवायचा हक्क, उभा राहतो.

मात्र तो हक्क मजुरीपुरता आहे, जागाभाड्यापुरता नाही. स्वतःच्या हमीसाठी वस्तू अडवून ठेवायची आणि अडवून ठेवल्याचे भाडेही समोरच्याकडून मागायचे, हे चालत नाही. गंमत म्हणजे यावरचा गाजलेला जुना इंग्रजी निकाल एका जहाजाचाच आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी बिलासाठी जहाज गोदीत अडवले आणि गोदीचे रोजचे २१ पौंड लावले. १८६० साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते भाडे नाकारले: जहाज तुम्ही तुमच्या फायद्यासाठी ठेवून घेतलेत, खर्च तुमचा. इंग्रजी निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवाद म्हणून तो पक्का आहे. १८ हजारांचा आकडा डोक्यातून काढून टाका.

उरले ८५ आणि ३८ यांतले ४७ हजार. तुम्हाला न विचारता काम वाढवले, म्हणून ते द्यायचेच नाहीत, असे मी म्हणणार नाही. करार कायद्याच्याच कलम ७० नावाची एक पळवाट त्याला आहे. फुकट करण्याचा इरादा नसताना कायदेशीररीत्या काम केले आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर वाजवी मोबदला मागता येतो. म्हणून प्रश्न असा की पिस्टन खरेच बदलले का. सुट्या भागांची बिले मागा आणि जुने पिस्टन परत मागा. जुने भाग ज्याच्याकडे नाहीत त्याच्या बिलावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आणि इंजिन जाम झाले कुणाच्या चुकीने? मेमध्ये तुम्ही ते चालू स्थितीत दिले. सोपवलेल्या मालाची काळजी शहाण्या माणसाने स्वतःच्या मालाची घ्यावी तशी घ्यायची, हे कलम १५१. वस्तू त्याच्या ताब्यात बिघडली तर काय झाले हे त्यालाच ठाऊक, तेव्हा साक्ष अधिनियमाच्या कलम १०९ नुसार ते सांगायची जबाबदारी बहुतेक त्याच्यावर येते. पण इथे तुम्हाला माझ्यासमोर खरे बोलावे लागेल. हे इंजिन समुद्राच्या पाण्यानेच थंड होते. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटे चालवले नाही, तर आत मीठ साचते, वाटा बुजतात आणि इंजिन तापून बसते. इंपेलर नावाचे रबरी पाते शेवटचे कधी बदलले? टाकीत पेट्रोल ठेवून दिले होते का? आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. दमट हवेत ते पाणी ओढते आणि पावसाळाभर उभे राहिले की पाणी-इथेनॉल खाली बसते. ते इंजिनात गेले तर दोष मिस्त्रीचा की टाकी भरून देणाऱ्याचा, यावर त्याचा वकील तासभर बोलेल. मेमधल्या शेवटच्या फेरीचा व्हिडिओ फोनमध्ये असेल, इंजिनाच्या मागून पाण्याची धार जोरात पडताना दिसत असेल, तर तो सोन्याहून मोलाचा आहे. फोनवरून उडवू नका. पुढे तो दाखल करताना साक्ष अधिनियमाच्याच कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

भाच्याच्या फोटोकडे येतो. तुमच्या पत्रातला सगळ्यात मजबूत कागद तोच आहे, आणि तुम्ही त्याची वाट जवळजवळ लावलीच आहे. फोन करून जाब विचारलात ते चुकले, आता फोटो आहे हे तरी सांगू नका. जो माल दुरुस्तीला आणि ठेवायला दिला तो पर्यटकांना फिरवायला वापरला, तर करार कायद्याच्या कलम १५३ प्रमाणे तुम्हाला ती सोपवणूक रद्द करता येते, आणि १५४ प्रमाणे त्या वापरात झालेले नुकसान त्याने भरून द्यायचे. फौजदारीत, न्याय संहितेत, विश्वासघाताचे कलम ३१६ ही आहे. पण पोलिसांकडे पळू नका. ते बहुधा 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतील आणि तुमच्या हातातला पत्ता तेवढा उघडा पडेल. नोटिशीत फोटोचा उल्लेख न करता साधा प्रश्न विचारायचा: होडी मे महिन्यापासून आजपर्यंत आवारातच होती का? तो 'होय' असे लेखी देईल. मग फोटो काढायचा. फोटो मोठा करून इंजिनावरचा नंबर दिसतो का पाहा, तुमचे इंजिन की दुसरे लावलेले. आणि नोटिशीत एक वाक्य हवेच: होडी पाण्यात उतरवू नये, माणसे बसवू नयेत. उद्या कोणी बुडाले तर पहिला प्रश्न होडी कुणाची हाच येतो.

नोटीस पाठवताना २३ हजार लगेच देऊ केले आहेत, हे स्पष्ट लिहा आणि पैसे तयार ठेवा. योग्य रक्कम देऊ केल्यावरही जो वस्तू सोडत नाही, त्याचा धारणाधिकार डळमळतो. बाकीच्या रकमेबद्दल म्हणा की बिले दाखवा, वाजवी असेल ते देऊ.

दावा कुठे घालायचा, हा बेळगावकराला नेहमी छळणारा प्रश्न. होडी महाराष्ट्रात, माणूस महाराष्ट्रात, काम महाराष्ट्रात, आणि आपण कर्नाटकात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३४ मध्ये तक्रारदार राहतो किंवा नोकरी-धंदा करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, अशी तरतूद आहे. मोठा सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तुमच्या होडीचा सीमाप्रश्न संसदेने एका उपकलमात सोडवून ठेवला आहे. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंत फी नाही. तुम्ही तिघे तक्रारदार व्हा, मेव्हण्यांनी पैसे पाठवलेत म्हणून त्यांचे नाव तर हवेच. मुदत दोन वर्षे. वहीचे पान मराठीत आहे, त्याचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर सोबत जोडा. त्यासाठी तारीख मिळून महिना जायला नको. तक्रारीसोबतच कलम ३८ खाली अंतरिम अर्ज द्या: वादातली रक्कम आयोगात भरतो, होडी सोडा. इंजिन तपासायला तटस्थ माणूस नेमा, हीही मागणी घाला. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धरा, म्हणून अंतरिम अर्जावरच जीव ओता. आदेश होऊनही मानला नाही तर कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड आहे; सावंतवाडीपलीकडच्या माणसालाही तो लागू होतो.

पण तुमचे शेवटचे वाक्य, खानावळीचे, मला त्रास देते आहे. 'व्यापारी हेतू' असेल तर तुम्ही ग्राहकच राहत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी धंदा करणाऱ्याला तिथे सूट आहे, पण तुम्ही नोकरदार, तुम्हाला ती कशी मिळणार? तीच गोष्ट लायसनची. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने मासेमारी नौकेची व्याख्या 'केवळ नफ्यासाठी समुद्रात मासेमारी करणारी यांत्रिक नौका' अशी केली होती (२०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला आहे), आणि महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचा परवाना मासेमारी नौकेला लागतो. हौसेने गरवणारा माणूस यापासून लांब उभा असतो. सुरमई खानावळीत तोलून दिली की तो एक पाऊल आत येतो, आणि मिस्त्रीच्या धमकीला दात फुटतात. पेट्रोलचे दोनशे-चारशे वाचवायला तुम्ही दोन्ही कायद्यांत स्वतःला अडकवून घेताय. आजपासून बंद. मासे घरी खा, शेजाऱ्यांना वाटा, गल्लीत तुमचे नाव होईल. मेअखेर होडी वर काढलीत हे बरे केलेत. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत ती समुद्रात सापडली असती तर हौस म्हणून कोणी ऐकले नसते.

कागदाचे मात्र मिस्त्री खरे बोलतोय. मालकी खरेदीने आणि ताब्याने मिळते, नुसत्या नोंदीने नाही, त्यामुळे तुमची तक्रार त्यावरून पडणार नाही. पण चार वर्षे पणजीतली नोंद जुन्या मालकाच्या नावावर ठेवणे हा आळस आहे. त्या गृहस्थांना गाठा, विक्रीचा कागद करून घ्या, गोव्याच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे (तिथल्या बंदर खात्याकडे) नाव बदला, आणि होडी वेंगुर्ल्यालाच राहणार असेल तर तिथल्या बंदर कार्यालयात जाऊन महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंद विचारा. मालवणच्या मत्स्य कार्यालयातही एकदा स्वतःहून लेखी अर्ज द्या की हौसेसाठी वापरतो, विकत नाही (आणि मग खरेच विकू नका). आपण आधीच सांगून ठेवलेल्या गोष्टीची चहाडी कुणाला लावता येत नाही.

होडी मिळेल त्या दिवशी 'माल मिळाला' म्हणून सही करण्याआधी इंजिन पाण्याच्या पिंपात सुरू करून धार पाहा, गिअरचे ऑइल थोडे बाहेर काढा. दुधासारखे पांढरे असेल तर आत पाणी गेले आहे. पावतीवर 'हरकत राखून' हे दोन शब्द लिहा आणि फोटो काढा. ट्रेलर आणणार असाल तर त्याचीही नोंदणी असते. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच आहे. आंबोलीच्या घाटात किंवा शिनोळीच्या पुढे विनानंबराचा ट्रेलर थांबवला, तर तिथे मी येणार नाही.