‘वसाहत’, ‘आदिवासी’ आणि ‘नामशेष झाले’ : ऑस्ट्रेलियाविषयी मराठीत लिहिताना

प्रश्न असा आहे : शालेय पुस्तिकेच्या मजकुरात ‘१७८८ मध्ये इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात वसाहत स्थापन केली आणि तेथील आदिवासी हळूहळू नामशेष झाले’ असे वाक्य आले आहे, त्यात ‘वसाहत’ योग्य की ‘आक्रमण’, आणि ‘आदिवासी’ म्हणावे की ‘मूलनिवासी’? ‘नामशेष झाले’ या शब्दांविषयी विचारलेले नाही, परंतु वाक्यातील सर्वांत मोठी चूक माझ्या मते तिथेच आहे, त्यामुळे त्यांचाही विचार करायला हवा.

‘वसाहत’ हा शब्द ‘वसणे’ या क्रियापदाच्या कुळातला आहे. पोलीस वसाहत, कामगार वसाहत, औद्योगिक वसाहत हे त्याचे रोजचे प्रयोग, आणि त्या सर्वांत मोकळ्या जागेवर नवी वस्ती उभी राहते, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते; तिथे आधी कोण राहत होते, हा प्रश्न मनात उठत नाही. ‘वसाहतवाद’ या शब्दाला टीकेची धार आहे, ती ‘वसाहत’ला नाही. स्वतःच्या इतिहासाविषयी बोलताना मात्र आपण हा शब्द सहसा वापरत नाही. सुरतेला इंग्रजांची वखार होती, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल सुरू झाला, असे आपण म्हणतो. इंग्रजांनी पुण्यात वसाहत केली असे कोणी लिहीत नाही, कारण तिथे माणसे होती, राज्य होते आणि ते घेतले गेले, हे आपल्याला ठाऊक असते. गोव्याला ‘पोर्तुगीज वसाहत’ म्हटले जाते खरे, पण ती राजवट होती हे वाचकाला सांगावे लागत नाही. ऑस्ट्रेलियाबाबत वाचकाकडे अशी आधीची माहिती नसते, आणि शब्द जे सुचवतो तेच खरे ठरते.

हा फरक केवळ शैलीचा असता तर एवढे लिहिले नसते. ऑस्ट्रेलियातील लोकांची जमीन नेमकी याच फरकाच्या आधाराने गेली. इंग्रजी कायद्यात जिंकलेला किंवा तहाने मिळालेला मुलूख वेगळा आणि ओसाड समजून वसवलेला मुलूख वेगळा; पहिल्यात जुने कायदे व हक्क राजसत्ता ते बदलत नाही तोवर चालू राहतात, तर दुसऱ्यात वसणाऱ्यांबरोबर इंग्लंडचा कायदा येतो आणि आधी काही होते असे धरलेच जात नाही. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकला दिलेल्या गुप्त आदेशात स्थानिक लोकांच्या संमतीने जागा ताब्यात घ्याव्यात असे म्हटले होते. २९ एप्रिल १७७० रोजी आजच्या सिडनीजवळच्या बॉटनी बे येथे तो उतरू लागला तेव्हा ग्वीगल लोकांपैकी दोन पुरुषांनी त्याला भाल्यांनिशी अडवले आणि त्यांच्यावर बंदूक चालवण्यात आली. तरीही २२ ऑगस्टला त्याने, कोणाचीही संमती न घेता, अवघा पूर्व किनारा राजाच्या नावे जाहीर केला. पुढे १८३५ मध्ये जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतकऱ्याने आजच्या मेलबर्नच्या परिसरात वुरुंजेरी लोकांच्या वडीलधाऱ्यांशी जमिनीचा करार केला. तो करार मुळात कितपत न्याय्य होता हा वेगळा प्रश्न, पण न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर बर्क याने तो रद्द केला तो जमीन राजसत्तेचीच आहे, ती विकण्याचा हक्क तिथल्या लोकांना नाहीच, या कारणाने. १८८९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, न्यू साउथ वेल्स हा जवळजवळ निर्जन आणि शांततेने जोडलेला प्रदेश होता असे नमूदही केले. महाराष्ट्रात इंग्रजांनी इनाम कमिशन नेमून कित्येकांची इनामे काढून घेतली, पण त्यासाठी निदान सनदा तपासाव्या लागल्या. सिडनीत तपासण्याजोगे काही असू शकते हेच मान्य नव्हते. तो समज मोडायला ३ जून १९९२ उजाडावा लागला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाच्या एडी माबो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटल्यात त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (देशातले सर्वांत वरचे न्यायालय तेच) मूळ लोकांचा जमिनीवरील हक्क मान्य केला. निकाल ऐकायला माबो हयात नव्हते.

निर्जन तो प्रदेश कधीच नव्हता. व्हिक्टोरियातील गुंडिजमारा लोकांनी वाम मासे धरण्यासाठी व वाढवण्यासाठी हजारो वर्षांपूर्वी बांधलेले दगडी चर आणि बांध आजही पाहता येतात. बज बिम या नावाने त्यांची नोंद २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत झाली.

मग ‘आक्रमण’ लिहावे का? तथ्य म्हणून त्यात चूक नाही. बिजिगल योद्धा पेमुलवुय १८०२ मध्ये गोळी लागून मरेपर्यंत सुमारे बारा वर्षे लढला, आणि टास्मानियात १८२८ मध्ये सरकारनेच लष्करी कायदा पुकारला. १७८८ मध्ये सिडनीत इंग्रजांची वस्ती सुरू झाली त्या २६ जानेवारी या तारखेला तिथले अनेक मूळ रहिवासी आक्रमणाचा दिवस म्हणतात. १९३८ मध्ये त्यांनी सिडनीत तो शोकदिन म्हणून पाळला होता. तरीही या वाक्यात मी ‘आक्रमण’ लिहिणार नाही. त्या शब्दाने सैन्य, रणांगण आणि एक निश्चित दिवस डोळ्यांपुढे येतो. इथे मात्र १७८९ च्या देवीच्या साथीने सिडनीच्या आसपासची फार मोठी लोकसंख्या गेली, मेंढ्यांच्या कळपांनी पाणवठे आणि शिकारीची राने गेली, १८३८ मध्ये मायल क्रीक येथे निःशस्त्र माणसांची, त्यात बायका-मुलांचीही, कत्तल झाली, आणि विसाव्या शतकात कित्येक दशके मुले आईबापांपासून तोडून नेली गेली. या सर्वांना पुरेल असा शब्द ‘जमीन बळकावणे’ हा आहे. सिडनीतील पहिली वस्ती ही कैद्यांची वसाहत होती, तेवढ्यापुरता ‘वसाहत’ ठेवायला हरकत नाही.

‘आदिवासी’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण मराठी वाचकाला त्यातून वारली, कातकरी, भिल्ल, गोंड आणि त्यांच्याशी जोडलेली राज्यघटनेतील तरतूद आठवते. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात स्वतःचा राजकीय अर्थ आला आहे. त्यामुळे सर्वसाधारण उल्लेखासाठी ‘मूळ रहिवासी’ बरे, आणि शक्य तिथे लोकांचे स्वतःचे नाव : सिडनीत गाडिगल, न्यू साउथ वेल्सच्या मध्यभागी विराजुरी, उत्तरेत गुरिंजी. तिथे अडीचशेहून अधिक भाषा होत्या. एका नावाखाली त्या सर्वांना बसवणे सोयीचे असले तरी खरे नाही. टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी हा आणखी निराळा समाज आहे. इंग्रजीतील ‘ॲबोरिजिनी’ हे जुने नाम आता अनेकांना अपमानास्पद वाटते, तेव्हा मराठीत ते आणू नये.

‘नामशेष झाले’ हे तर दुहेरी चुकीचे. ‘झाले’मुळे कर्ता नाहीसा होतो, जणू ऋतू बदलला आणि माणसे सरली. शिवाय ते नामशेष झालेलेच नाहीत. हा समज मुख्यतः टास्मानियावरून पसरला. तिथून फ्लिंडर्स बेटावर नेलेल्या लोकांपैकी १८४७ मध्ये केवळ ४७ जण परत आले, आणि १८७६ मध्ये ट्रुगनिनी वारली तेव्हा ती शेवटची असल्याचे जाहीर झाले; परंतु टास्मानिया आणि मुख्य भूमी यांच्यामधील बास सामुद्रधुनीच्या बेटांवर राहिलेल्या टास्मानियाच्या मूळ रहिवासी स्त्रियांचे वंशज तेव्हाही होते, आजही आहेत, आणि जुन्या नोंदींमधून त्यांनी पलावा कानी ही भाषा पुन्हा उभी केली आहे. २०२१ च्या जनगणनेत संपूर्ण देशात सुमारे ८ लाख १२ हजार जणांनी स्वतःला मूळ रहिवासी किंवा टोरेस सामुद्रधुनीचे बेटवासी म्हणून नोंदवले.

म्हणून माझी सूचना अशी : ‘१७८८ मध्ये इंग्रजांनी गाडिगल लोकांच्या भूमीवर, आजच्या सिडनीत, कैद्यांची वसाहत केली, पुढील शतकभरात त्यांनी खंडातील मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावल्या, आणि रोगराई, उपासमार व कत्तली यांत असंख्य लोक मेले.’ पुस्तिकेत जागा कमी असेल तर सिडनीचा उल्लेख गाळावा, ‘बळकावल्या’ हे क्रियापद आणि त्याचा कर्ता गाळू नये.