‘बाळ नाही तर पैसे परत’: कर्ज काढून हे पॅकेज घ्यावं का?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. माझं वय ३५, मिस्टरांचं ३८. मी पतसंस्थेत आहे, ते सातपूरला कंपनीत. दोघांचे मिळून ९२ हजार हातात येतात. घराचा हप्ता २४ हजार, घरखर्च ३८ हजार, उरलेल्या ३० हजारांतले १० हजार एसआयपीत जातात. माझ्या दोन्ही नळ्या बंद आहेत, मिस्टरांचे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, सांगितलाय. सेंटरने दोन पर्याय दिलेत. एक सायकल १ लाख ९५ हजारांना, किंवा तीन सायकलचं पॅकेज ५ लाख २५ हजारांना, आणि तीनही फसल्या तर निम्मे पैसे परत. इंजेक्शनं दोन्हीत वेगळी, साधारण ८० हजार दर वेळी. सेंटरमध्ये बसलेला फायनान्सवाला ६ लाख लगेच देतो म्हणतो, साडेचौदा टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. आमच्याकडे ३ लाख २० हजारांची एफडी, म्युच्युअल फंडात १ लाख ६० हजार आणि माझं पीपीएफ आहे. सासूबाई त्यांच्या सहा तोळ्यांच्या पाटल्या मोडायला तयार आहेत. काय करावं?

उत्तर : नमस्कार ताई. तुम्ही एस्टिमेटच्या तीनही पानांचे फोटो पाठवलेत, हे फार बरं केलंत. पहिल्या पानावर रकमा आहेत. निर्णय दुसऱ्या पानावरच्या बारीक अक्षरांत आहे.

आधी पॅकेजची बाजू घेतो, कारण अशा योजना म्हणजे सरसकट लूट असं मी मानत नाही. तो एक विमाच आहे. फक्त विमा कंपनीच्या जागी सेंटर आहे आणि हप्ता आगाऊ भरायचा आहे. धरून चालू की एका सायकलमध्ये मूल होण्याची शक्यता ३० टक्के. म्हणजे दुसरी सायकल लागण्याची शक्यता ७० टक्के, तिसरी लागण्याची ४९, आणि तिन्ही फसण्याची साधारण ३४ टक्के. एकेक सायकल पैसे भरत गेलात तर सरासरी खर्च ४ लाख २७ हजार येतो. पॅकेजमध्ये, परताव्याची शक्यता वजा करून, ४ लाख ३५ हजार. जवळजवळ सारखंच. पहिल्याच फेरीत यश आलं तर पॅकेजवाल्याचे ३ लाख ३० हजार जास्त जातात, तिन्ही फसल्या तर त्याचे ३ लाखांहून जास्त वाचतात. ज्याला शेवटच्या शक्यतेची झोप उडवणारी भीती आहे, त्याने असा विमा घेतला तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

हे सगळं खरं ठरतं ते ‘सायकल’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एकच असेल तर.

मी ३० टक्के धरले, त्यामागे आधार आहे. ब्रिटनमधल्या १ लाख ५६ हजारांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात पहिल्या सायकलमध्ये जिवंत मूल जन्मण्याचं प्रमाण २९.५ टक्के होतं, चाळिशीच्या आतल्या स्त्रियांत ३२.३. चौथ्या सायकलपर्यंत ते प्रत्येक वेळी २० टक्क्यांच्या वर राहिलं आणि सहा सायकलअखेर एकूण अंदाज ६५ टक्क्यांच्या आसपास गेला. पण त्या अभ्यासात एक सायकल म्हणजे इंजेक्शनं देऊन एकदा स्त्रीबीजं काढणं, आणि त्यातून झालेले सगळे भ्रूण, ताजे असोत की गोठवलेले, गर्भाशयात सोडून होईपर्यंतचा पूर्ण प्रवास. एका एग पिकअपमधून तीन भ्रूण मिळाले आणि ते तीनदा सोडले, तरी सायकल एकच.

तुमच्या एस्टिमेटच्या दुसऱ्या पानावर, अट क्रमांक ४ : ‘सायकल म्हणजे एक ताजं किंवा फ्रोझन ट्रान्सफर.’ ट्रान्सफर म्हणजे भ्रूण एकदा गर्भाशयात सोडणं.

आता पुन्हा हिशेब करा. पहिल्या पिकअपमध्ये तुम्हाला तीन चांगले भ्रूण मिळाले असं समजा. एक लगेच सोडला, दोन फ्रीज केले. तीन ट्रान्सफर झाले की पॅकेज संपलं. हेच सुटं घेतलं असतं तर? १ लाख ९५ हजारांची सायकल आणि वर दोन फ्रोझन ट्रान्सफर, त्यांच्याच दरपत्रकाप्रमाणे ५५ हजारांचा एक. बेरीज ३ लाख ५ हजार. त्यासाठी तुम्ही आगाऊ भरणार ५ लाख २५ हजार. ज्यांना दर पिकअपला एकच भ्रूण मिळतो, त्यांना पॅकेज परवडतं. पण तुमचं एएमएच, म्हणजे स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी, अडीचच्या वर आहे. एका पिकअपमधून एकाहून जास्त भ्रूण मिळण्याची शक्यता चांगली, तेव्हा पॅकेजचं गणित तुमच्या बाजूने नाही.

अट ७ त्याहून बोचरी. परतावा कधी, तर तिन्हींमध्ये ‘क्लिनिकल प्रेग्नन्सी आढळली नाही’ तर. म्हणजे सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले आणि नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, तर सेंटरच्या वहीत ते यश. जाहिरातीत बाळ आहे, करारात ठोके आहेत. आणि अट ९ : रुग्णाने स्वतःहून उपचार थांबवले तर परतावा नाही. हे वाचून मला माझ्याकडे येणारं एक जोडपं आठवलं. दुसऱ्या अपयशानंतर तिने सांगितलं, आता शरीर नको म्हणतंय. मधेच थांबणारी जोडपी खूप असतात, आणि ती का थांबतात ते सेंटरला पक्कं ठाऊक असतं. परताव्याचा भार सेंटरला झेपतो त्यात या अटीचाही वाटा आहे.

तेव्हा पॅकेज नको. कर्ज तर मुळीच नको. ६ लाखांवर साडेचौदा टक्क्यांनी चार वर्षं म्हणजे महिना १६ हजार ५५० चा हप्ता आणि जवळजवळ १ लाख ९४ हजार व्याज. तुमच्याकडे महिन्याला उरतात ३० हजार. हप्ता सुरू होणार उपचार सुरू होताना आणि तो चालू असतानाच, देवाच्या दयेने, बाळ घरात येणार. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, पण तो कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. तुमच्या पतसंस्थेत माणसं किती, हे मोजून बघा. लहान पतसंस्थांत मी आठ माणसांचा स्टाफही पाहिलाय.

आता तिसरं पान, ‘डॉक्टरांनी सुचवलेले अतिरिक्त पर्याय’. इक्सी २५ हजार, भ्रूणांची जनुकीय तपासणी १ लाख १० हजार, एंडोमेट्रियल स्क्रॅचिंग १२ हजार, ईआरए ४० हजार. बेरीज १ लाख ८७ हजार. जवळजवळ एका सायकलचे पैसे.

मी डॉक्टर नाही आणि कुठलं औषध घ्यावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण कुठल्या गोष्टीसाठी पैसे मोजावेत यावर मला बोलावंच लागतं, आणि या चारही गोष्टींवर आता चांगल्या चाचण्या झाल्यात. स्क्रॅचिंग म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरावर आधी बारीक ओरखडा काढायचा, मग म्हणे गर्भ चांगला रुजतो. न्यूझीलंडच्या संशोधकांच्या पुढाकाराने पाच देशांत १,३६४ स्त्रियांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. ओरखडा काढलेल्यांत २६.१ टक्के जिवंत जन्म, न काढलेल्यांतही २६.१. दशांशापर्यंत तेच. ईआरएची, म्हणजे भ्रूण सोडण्याची नेमकी वेळ ठरवणाऱ्या तपासणीची, अमेरिकेतली चाचणी २०२२ ची : तपासणीप्रमाणे वेळ ठरवली त्यांच्यात ५८.५ टक्के, नेहमीच्या वेळेला सोडलं त्यांच्यात ६१.९. इक्सी, म्हणजे एक शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणं, पुरुषाच्या शुक्राणूंत दोष असेल तर उपयोगी आहे. तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट नॉर्मल आहे. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल ठीक असलेल्या १,०६४ जोडप्यांवर व्हिएतनाममध्ये केलेल्या चाचणीत (२०२१) इक्सीने ३५ टक्के, साध्या आयव्हीएफने ३१ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस ठरला नाही. डॉक्टर इक्सीचा आग्रह धरत असतील तर ‘आमच्या केसमध्ये का?’ एवढंच विचारा. कारण पटलं तर २५ हजार द्या.

जनुकीय तपासणीवर थोडं थांबतो, कारण रक्कम मोठी आहे आणि तुमच्या वयाच्या बाईला ती भीती दाखवून सहज विकली जाते. चीनमध्ये २० ते ३७ वयाच्या, किमान तीन चांगले भ्रूण असलेल्या १,२१२ स्त्रियांवर चाचणी झाली. २०२१ चा निकाल असा : तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्क्यांना मूल झालं, न केलेल्या गटात ८१.८. गर्भपात मात्र तपासणीच्या गटात कमी, ८.७ टक्के विरुद्ध १२.६. म्हणजे फायदा शून्य नाही. पण तपासणीने नवा चांगला भ्रूण तयार होत नाही, आहेत त्यांतले काही बाजूला काढले जातात. तुम्हाला आधी वारंवार गर्भपात झालेले नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर हे १ लाख १० हजार दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवले असते.

कारण माझं मुख्य म्हणणं तेच आहे : एका फेरीचा खर्च हातात आहे म्हणून सुरुवात करू नका. पहिल्या दिवशी दोन पूर्ण फेऱ्यांची सोय कागदावर दिसली पाहिजे. पहिली फसल्यावर घाबरून उभा केलेला पैसा सगळ्यांत महाग पडतो, आणि फायनान्सवाला त्याच खुर्चीत बसलेला असतो.

तुमची सोय होते, आणि चांगली होते. एक पूर्ण फेरी म्हणजे सायकल १ लाख ९५ हजार, इंजेक्शनं ८० हजार, एक फ्रोझन ट्रान्सफर ५५ हजार, सुरुवातीच्या तपासण्या २५ हजार. एकूण ३ लाख ५५ हजार. एफडीतून २ लाख काढा, १ लाख २० हजार अडीअडचणीला ठेवा. हे दोन महिन्यांच्या खर्चाहूनही थोडं कमी आहे, मला एरवी सहा महिन्यांचे लागतात, पण दोघांच्या नोकऱ्या आहेत, चालवून घेऊ. पीपीएफ तुम्ही २०१६-१७ ला उघडलंय, म्हणजे अंशतः काढायची मुभा आहे. चार वर्षांपूर्वीच्या अखेरची आणि गेल्या वर्षअखेरची शिल्लक, यांतली जी कमी तिच्या निम्मे. पासबुकाप्रमाणे ते १ लाख ३० हजार होतात, आणि त्यावर कर नाही. उरलेले २५ हजार चालू बचतीतून. एसआयपी थांबवा, अपराधी वाटून घेऊ नका.

दुसरी फेरी लागली तर तपासण्यांचे पैसे वाचतात, लागतील ३ लाख ३० हजार. फंडातले १ लाख ६० हजार आणि मधल्या सहा महिन्यांची बचत १ लाख ८० हजार. जमलं. पस्तिशीत मी ‘दोन वर्षं पैसे साठवा, मग बघू’ असं सांगणार नाही. या एका बाबतीत थांबण्याचं व्याज कुठल्याही कर्जापेक्षा जास्त आहे.

मेडिक्लेमचं तुम्ही विचारलंत. मिस्टरांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, तिच्यात वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ‘कोड एक्सक्ल १७’ शोधा. वंध्यत्वावरचे उपचार, आयव्हीएफ, इक्सी, सगळं तिथे येतं. पुढचाच १८ नंबर बाळंतपणाचा. काही कंपन्या ग्रुप पॉलिसीत या दोन्हींसाठी जादा कव्हर घेतात, तेव्हा एचआरला एक मेल टाका. सेंटरमधल्या बाई ‘दुसऱ्या नावाने बिल करून देऊ’ म्हणाल्या असं तुम्ही लिहिलंय. ते करू नका. पकडलं गेलं तर पॉलिसीही जाते आणि प्रश्न मिस्टरांच्या नोकरीपर्यंत येतो.

पैसे भरण्याआधी सेंटरचा नोंदणी क्रमांक मागा. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, आणि आयव्हीएफ करायला ‘लेव्हल २’ लागते. ‘लेव्हल १’ वाल्यांना आययूआयपर्यंतच, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यापर्यंतच, परवानगी. आणि जमलं तर एकदा मुंबईला जाऊन मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दुसरं मत घ्या. ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून भारतातली पहिली शास्त्रीय नोंद असलेली टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली ती महापालिकेच्या केईएममध्ये. हा उपचार म्हणजे पंचतारांकित सेंटरचीच मक्तेदारी, असं वाटून घ्यायचं कारण नाही.

राहता राहिल्या पाटल्या. मोडू नका. सोनार घट धरणार, घडणावळ गेलीच, आणि सासूबाईंच्या हातातून उतरलेल्या पाटल्यांचा विषय पुढची वीस वर्षं घरात निघत राहतो, यश आलं तरी आणि नाही आलं तरी. तिसऱ्या फेरीचा विचार करायची वेळ आलीच, तर त्या बँकेत तारण ठेवा, फायनान्सवाल्यापेक्षा व्याज कमी पडेल आणि पाटल्या परत येतील. पण तिसरी करायची की नाही, हे आज दोघांनी बसून ठरवा आणि लिहून ठेवा. दत्तकाचा विचार असेल तर तोही त्याच कागदावर येऊ द्या.

पुढच्या भेटीत सेंटरकडून तीन गोष्टी लेखी घ्या : ३५ ते ३७ वयाच्या स्त्रियांत त्यांच्याकडे दर पिकअपमागे जिवंत जन्म किती, भ्रूण गोठवून ठेवायचं वर्षाचं भाडं किती, आणि पिकअपला एकही भ्रूण तयार झाला नाही तर १ लाख ९५ हजारांतले किती परत. तो कागद मिळाला की मला पाठवा. आकडे बदलले तर हिशेब पुन्हा मांडू.