परदेशात राहायला गेल्यावर पत्त्याचा पुरावा नसताना बँक खातं कसं उघडायचं?

पासपोर्ट आणि व्हिसा जवळ असतातच, अडतं ते पत्त्यावर. घर भाड्याने घ्यायला खातं लागतं आणि खात्याला घराचा पत्ता. अशा वेळी कंपनीकडून किंवा विद्यापीठाकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात तात्पुरता का होईना पण स्थानिक पत्ता, रुजू होण्याची तारीख आणि सही हवी. नाव मात्र पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच. मधलं नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. असं पत्र चालेल का, हे बँकेला आधीच विचारा.

युरोपीय संघात 2014च्या निर्देशानुसार कायदेशीर रहिवाशाला मूलभूत खात्याचा हक्क आहे. तिथे नकार मिळाला तर लेखी कारण मागा.

अर्जात तुम्ही कोणत्या देशाचे कर-निवासी, म्हणजे करासाठी कोणत्या देशाचे रहिवासी धरले जाता, हे विचारतात. मायदेशाचा कर क्रमांक हाताशी ठेवा. स्थानिक क्रमांक अजून मिळाला नसेल तर तसंच लिहा, काहीतरी आकडा भरू नका.

आणि जुना मोबाइल नंबर कृपया बंद करू नका. ओटीपी आला नाही तर जुन्या खात्यातले स्वतःचेच पैसे अडकतात.