मूड नसताना रोज कसं लिहिता येतं?

तुम्ही विचारलंय की रोज लिहिणाऱ्यांना रोज मूड कसा येतो, आणि नाही आला तर ते काय करतात. मी ११ वर्षं मालिकांचे संवाद लिहितेय. मूड येत नाही. बसायचं, पहिली दोन पानं भिकार लिहायची, त्यातलं एखादं वाक्य खरोखर त्या पात्राच्या तोंडचं निघालं की गाडी पुढे सरकते. आठवड्याला सहा भाग जातात. पटकथा दुसऱ्याकडून येते, तीही उशिरा, आणि गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की कधीकधी कथानकाचा अख्खा ट्रॅक फिरतो. यात मूड कुठे बसवणार?

पण 'मूड' हा शब्द मला बोचतो, त्याला कारण आहे.

गौरी जेवणाचा दिवस होता. आम्ही डोंबिवलीला राहतो, घरात पंचवीस पानं. पुरण वाटत असताना मालिकेच्या ईपीचा, म्हणजे कार्यकारी निर्मात्याचा, फोन आला. नायिकेचा घसा पूर्ण बसलाय, डॉक्टरांनी एक शब्द बोलायला मनाई केलीय, आणि सकाळी ९ ची शिफ्ट. बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, शून्य; उद्या शूट होईल ते परवा टेलिकास्ट. शिफ्ट रद्द होणार नव्हती. तिचे तीन सीन होते, त्यातला मोठा सीन सासऱ्यांना जाब विचारायचा, चार पानी. तो आता ती काहीही न बोलता उभा करायचा होता.

मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसले, तर मोठे दीर पाहुण्यांना म्हणाले, "तिचं बरंय, घरीच असते. मूड आला की लिहिते." रागाने नाही, कौतुकानेच म्हणाले. म्हणूनच मला उत्तर देता आलं नाही. लॅपटॉप मिटला आणि वाढायला उठले.

रात्री भांडी आवरून एक वाजता लिहायला घेतलं, ओट्याशी उभी राहून, कारण खोल्यांत सगळीकडे गाद्या घातल्या होत्या. दोन सीन झटकन सुटले. जाबाचा सुटेना. शेवटी असं केलं की ती सासऱ्यांच्या ताटात वाढत राहते, त्यांच्याकडे बघत नाही, आणि तिच्या गप्प राहण्यालाच ते एकामागून एक उत्तरं देत सुटतात. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. पहाटे साडेपाचला पानं पाठवली. पानं तपासणाऱ्या क्रिएटिव्ह टीमने एक शब्द बदलला नाही. भाग लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आज ती बोलली नाही ते बरं केलं." दीर शेजारीच होते, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. हे कधी लिहिलंस, असं कुणी विचारलं नाही.

त्याच महिन्यात मी डोंबिवली-दादर तिमाही पास काढला. ऑफिस नव्हतंच. सकाळी डबा भरून निघायचं, डोंबिवलीहून सुटणारी धीमी लोकल पकडायची, लेडीज डब्यात खिडकी मिळाली तर पहिला सीन वहीत तिथेच. मग दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९८ सालची संस्था आहे. तिथे जुनी मासिकं चाळताना म्हाताऱ्या पात्रांची भाषा मला जेवढी सापडली तेवढी कुठल्याच मीटिंगमध्ये सापडली नाही. पंधरा दिवसांत घरातला सिलिंडर, कुरिअर, शेजारच्यांची किल्ली यांतून मी सुटले. दीर आता "ती कामावर गेलीय" म्हणतात. काम तेच, लिहिणारी तीच. फक्त चपला घालून दाराबाहेर पडले, एवढाच फरक.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरात बसून लिहू नका, बाई असाल तर मुळीच नाही. दिसत नाही त्या कामाला आपल्याकडे मान नाही आणि वेळही मिळत नाही. मूडची वाट बघणं ज्यांना परवडतं त्यांचं घर दुसऱ्या कुणाच्या तरी पगारावर चाललेलं असतं, हे मी दिरांना तेव्हा सांगायला हवं होतं.

तुम्ही कविता लिहीत असाल तर यातलं बरंच तुम्हाला लागू नाही. घरी तान्हं मूल असेल तर पासही कामाचा नाही, मग पहाट किंवा रात्र यांतलं एक निवडा. आणि हे वाचून नोकरी सोडू नका. मालिकेचे पैसे बहुतेकदा प्रसारणानंतर ९० दिवसांनी येतात, त्यातून १० टक्के टीडीएस कापून, त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. करारावर सही करण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या लेखकांच्या संघटनेचं सदस्यत्व घेऊन तो तिथे दाखवा. मी पहिला करार न वाचता केला होता.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. ठाणे, कल्याण, विरार, गाडी जिथून सुटते तिथून चढा. बसायला जागा मिळाली की वही उघडा.