‘सिबिल ६०४ आहे, काय करू?’

कर्जाविषयी सल्ला मागायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एका ओळीत मावतो, आणि त्यांची तक्रारही साधारण सारखीच असते : इतक्या जणांना विचारले, पण प्रत्येक जण वेगळेच सांगतो, मग विश्वास ठेवायचा कोणावर? या तक्रारीचे उत्तर देताना मला साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक असलेले चाळिशीतले गृहस्थ आठवतात. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांना पुढच्या दिवाळीपर्यंत घरकर्ज काढायचे होते आणि मोबाइलवरील एका ॲपमध्ये त्यांचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून काढलेला आकडा, ६०४ दिसत होता. कारखान्यातला सहकारी म्हणाला, क्रेडिट कार्ड बंद करून टाका. पतसंस्थेत नोकरीला असलेल्या चुलतभावाने छोटे सोनेतारण कर्ज काढून ते वेळेवर फेडण्याचा सल्ला दिला. बँकेतल्या एका ओळखीच्या माणसाने जुनी थकबाकी भरायला सांगितली, तर शेजाऱ्यांचे मत पडले की दोन वर्षे काहीही करू नका. एका कर्ज एजंटाने मात्र पंधरा हजार रुपयांत महिनाभरात स्कोअर ७५० वर नेण्याची हमी दिली. ‘‘मॅडम, पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या. खरं कोणाचं?’’

एजंट सोडला तर बाकीचे चौघेही आपापल्या परीने बरोबर असू शकत होते, कारण प्रत्येकाने मनाशी वेगळाच कर्जदार कल्पून त्याला सल्ला दिला होता. या गृहस्थांनी त्यांना एक आकडा सांगितला होता आणि स्वतःविषयी दुसरे काहीच सांगितले नव्हते. दहावीचे एकूण टक्के सांगून ‘आता कुठल्या विषयाचा अभ्यास करू’ असे विचारावे, तसा हा प्रकार होता.

हा आकडा ज्या नोंदींवरून निघतो तो क्रेडिट रिपोर्ट पाहिला आहे का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी तो मुद्दामच पाहिला नव्हता, कारण पाहिला की स्कोअर उतरतो असे त्यांनी ऐकले होते. ही समजूत चुकीची आहे. आपण स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने काहीही बिघडत नाही. कर्जाच्या अर्जानंतर बँक किंवा वित्तसंस्था जी चौकशी करते, तिची नोंद मात्र अन्य कर्जदात्यांना दिसते आणि थोड्या काळात अशा पुष्कळ नोंदी झाल्या की स्कोअरवर परिणाम होतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळतो. आम्ही तो माझ्या टेबलावरच उतरवून घेतला.

रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जाखाली महिनावार चौकटी असतात. ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर आला, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर झाला, आणि ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती कर्जदात्याने कळवलीच नाही. त्या चौकटींवरून पेन्सिल फिरवत गेल्यावर चार गोष्टी हाती लागल्या. पहिली म्हणजे २०२१ मध्ये तडजोड करून मिटवलेले क्रेडिट कार्ड, ज्याच्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता. दुसरी म्हणजे मोबाइलसाठी घेतलेले, पूर्ण फेडलेले कर्ज, ज्यावर अजूनही १,८४७ रुपये बाकी दिसत होते. तिसरी म्हणजे गेल्या दोन महिन्यांतल्या ११ चौकश्या. एका ठिकाणी अर्ज नाकारला गेला की ते दुसऱ्या ॲपवर अर्ज करत होते. चौथी नोंद आली तेव्हा ते गप्प झाले. एका ट्रॅक्टर कर्जावर ते जामीनदार होते आणि त्या खात्यापुढे ‘०६०’ लिहिलेले होते.

मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि प्रश्न पुन्हा लिहायला सांगितला. त्यांनी पहिल्यांदा लिहिले, ‘जुने कार्ड खराब आहे.’ दोनतीनदा खोडाखोड झाल्यावर तो मजकूर असा झाला : ‘२०२१ मध्ये कार्डाची ६२,४०० रुपयांची थकबाकी ३५,००० रुपयांत सेटल केली. बँकेचे पत्र माझ्याजवळ आहे. रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ दिसते. पुढच्या दिवाळीपर्यंत घरकर्जाचा अर्ज करायचा आहे. घरखर्च जाऊन महिन्याला आठ हजार उरतात. उरलेले २७,४०० रुपये भरावेत का?’

याला उत्तर देता येते. घरकर्ज तोंडावर असल्यामुळे ही रक्कम भरणे योग्य, असे मी सांगितले. मात्र आधी बँकेकडून लेखी घ्यावे की ही रक्कम मिळाल्यावर खाते पूर्ण फेडून बंद झाल्याचे कळवले जाईल आणि थकबाकी नसल्याचे पत्र मिळेल. वसुली एजंटाच्या फोनवरच्या शब्दावर पैसे पाठवू नयेत. जुन्या उशिराच्या नोंदी यामुळे पुसल्या जात नाहीत, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांना पुढची पाचसहा वर्षे कर्जच नको असते, तर याच प्रश्नाला मी कदाचित वेगळे उत्तर दिले असते.

मोबाइलच्या कर्जाचे काम सोपे होते. कर्ज फेडल्याचे पत्र जोडून तक्रार नोंदवायची. त्याला शुल्क नाही. पतमाहिती कंपनी कर्जदात्याला विचारल्याशिवाय स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, पण तीस दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. बरोबर नोंद मात्र पैसे देऊन कोणालाही काढून टाकता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. मग एजंटाचे पंधरा हजार कशासाठी, हे त्यांचे त्यांनाच उमगले. त्यांनी त्या एजंटाला आपल्या पॅन आणि आधार कार्डाचे फोटो आधीच व्हॉट्सॲपवर पाठवले होते, याचे मला जास्त वाईट वाटले. सल्ला मागताना तारखा, रकमा आणि शेरे सांगावे लागतात. पॅन, खाते क्रमांक किंवा ओटीपी सांगण्याची काहीच गरज नसते.

जामीनकीचे त्यांनी पाचांपैकी कोणालाही सांगितले नव्हते, कारण तो ट्रॅक्टर त्यांच्या मेहुण्याचा होता आणि सही केल्याचे घरात ठाऊक नव्हते. सल्ला मागताना माणूस नेमकी जी ओळ गाळतो, तिच्यातच बऱ्याचदा गाठ असते. मी स्वतः हे शिकायला काही वर्षे घेतली. जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज दिसते आणि घरकर्ज देणारी बँक त्याबद्दल विचारणारच. त्यांनी ती ओळ कागदावर लिहिली, पण पेनाऐवजी पेन्सिलीने.

पंधरा दिवसांनी ते पत्नीला घेऊन आले. कागद वाचून होईपर्यंत त्या काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी मला विचारले, ‘‘ह्यांना यातून नाव काढून घेता येईल का?’’ कर्जदात्याने दुसरा जामीनदार किंवा जास्तीचे तारण मान्य केल्याशिवाय ते होत नाही आणि खाते थकलेले असताना तो बहुधा मान्य करत नाही, म्हणून आधी थकलेले हप्ते भरले गेले पाहिजेत, असे मी सांगितले. हप्ते किती थकले आहेत आणि एका हप्त्याची रक्कम काय, हे त्या दोघांनाही माहीत नव्हते. त्यांनी पर्समधून फोन काढला, कागद उलटा करून पेन हातात घेतले आणि व्हरांड्यात जाऊन भावाला फोन लावला.