यात्रेची स्मरणिका: पानं, आकार आणि ब्लीड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यातल्या गावच्या महालक्ष्मी यात्रेची स्मरणिका, आकार ए-५, आतली ३० पानं, कव्हर वेगळं, मधोमध दोन पिना. वर्डमध्ये पानं लावून झालीत आणि बेळगावच्या प्रेसने 'ब्लीड नाही, पानंही बसत नाहीत' म्हणून फाइल परत पाठवली. प्रेसचं दोन्ही बाबतींत बरोबर आहे. (ब्लीड म्हणजे कापायच्या कडेबाहेर वाढवलेला रंग किंवा फोटो.)

आधी पानांचं बघा. एक कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणून पिनेच्या पुस्तिकेत आतली पानं ४च्या पटीतच लागतात. २८ करा नाहीतर ३२. मी ३२च म्हणेन. वाढीव दोन पानं देणगीदारांच्या यादीला लागतातच. कमिटीला राहिलेली नावं नेहमी शेवटच्या दिवशीच आठवतात. कव्हरची चार पानं या हिशेबात धरू नका.

मग आकार. ए-५ पक्का करण्याआधी प्रेसला शीटचा आकार विचारा. डिजिटल छपाई १२×१८ इंची शीटवर असेल, तर ए-५ची समोरासमोरची जोडी ब्लीडसह ३०२×२१६ मि.मी. होते. अशा दोन जोड्या एका शीटवर घ्यायच्या तर शीटची रुंदी ३०५ मि.मी.च आहे, मशीनला कागद धरायला जागाच उरत नाही. मग एका शीटवर एकच जोडी बसते आणि कागद दुप्पट लागतो. त्याऐवजी साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १४०×२१६ मि.मी. ठेवलंत तर दोन जोड्या आरामात बसतात. वाचणाऱ्याला ८ मि.मी.चा फरक जाणवतही नाही. प्रेसकडे १३×१९ चालत असेल तर ए-५ खुशाल ठेवा.

कटिंगला गठ्ठा किंचित सरकतो. रंग किंवा फोटो पानाच्या कडेवरच संपला असेल तर तिथे पांढरी रेघ दिसते, म्हणून तो कडेच्या ३ मि.मी. बाहेर न्यायचा: वर, खाली आणि बाहेरच्या बाजूला. दुमडीकडे कटिंग नसतं, तिथे ब्लीड लागत नाही. वर्डमध्ये ब्लीडची सोयच नाही. तिथेच काम करायचं असेल तर पानाचा आकार १४६×२२२ घ्या, चारही समास ३ मि.मी.ने वाढवा आणि कापून १४०×२१६ हवं हे प्रेसला लेखी कळवा. कोरल किंवा इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लीड सेट करून पीडीएफ काढताना ब्लीड घेण्याच्या पर्यायावर टिक करायला विसरू नका. निम्म्या फाइली तिथेच अडकतात.

मजकूर कडेपासून किमान ८ मि.मी. आत ठेवा. याला आणखी एक कारण आहे. ३२ पानं म्हणजे आठ कागद एकात एक, वरून कव्हर. आतला कागद बाहेरच्यापेक्षा थोडा पुढे सरकतो आणि कटिंगमध्ये तेवढा जास्त कापला जातो. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोला, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या छपाईच्या कागदाला, मधल्या पानांवर हा फरक जेमतेम १ मि.मी.पर्यंत जातो. मजकुरात तो कळत नाही, पण प्रत्येक पानाला वेलबुट्टीची चौकट असली की लगेच डोळ्यात भरतो: पहिल्या पानावर बाहेरचा समास ठीक, पान १६वर बारीक. चौकट टाळलेली बरी. हवीच असेल तर १२ मि.मी. आत घ्या.

दोन पानांवर पसरलेला फोटो फक्त १६-१७वर लावा, कारण ती एकाच कागदावर छापली जातात. बाकी जोड्या वेगवेगळ्या कागदांवर असतात, तिथे फोटो दुमडीवर जुळेलच असं नाही. आणि १६-१७वर देवीचा फोटो घेणार असाल तर मूर्ती एका बाजूला सरकवा, नाहीतर पिन थेट चेहऱ्यात.

पानांची जुळवाजुळव तुम्ही करू नका. १ ते ३२ अशी सुटी पानं ओळीने एका पीडीएफमध्ये द्या, कव्हर वेगळ्या फाइलमध्ये. स्वतः समजून घ्यायचं असेल तर आठ कोरे कागद एकात एक दुमडून आकडे टाका. सगळ्यात बाहेरच्या कागदावर ३२ आणि १, त्याच्या मागे २ आणि ३१. शेजारच्या आकड्यांची बेरीज कायम ३३.

फोटो व्हॉट्सअॅपवरून मागवलेत तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. पूर्ण पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण १७२५×२६२० पिक्सेल लागतात. मजकुराचा काळा रंग फक्त के १०० (छपाईच्या चार रंगांतला एकटा काळा, १०० टक्के) असू द्या. वर्डमधला काळा चार रंगांत फुटला की बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात.

राहिले फॉन्ट. आपल्याकडे मराठी मजकूर आणि कन्नड जाहिराती एकाच फाइलीत असतात, तिथे जरा जपून. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये चिकटवला की कचरा होतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाही तर वेलांट्या आणि कन्नडमधली ओत्ताक्षरं (जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं) जागा सोडतात. शेवटच्या फाइलीत अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरं आकृतीत बदला, पण मूळ फाइल जपून ठेवा, कारण कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. कन्नड जाहिरातीचं छापील प्रूफ जाहिरातदारालाच दाखवा आणि त्यावर सही घ्या.